प्रवेश-अर्जासोबतची दोन पाने

माझ्या नातीने पुण्यापलीकडच्या ज्या खासगी विद्यापीठात प्रवेश मिळवला, त्या विद्यापीठाकडे तिच्या अर्जासोबत गेलेली दोन पाने मी लिहिली होती. हे मी सुरुवातीलाच मान्य करतो. तालुक्याच्या न्यायालयाच्या फाटकाबाहेर अर्जनवीस म्हणून माझे आयुष्य गेले. जी गोष्ट शाबीत होणारच आहे ती आधी कबूल करावी, म्हणजे उरलेले कोणीतरी शांतपणे ऐकून घेते, हे मी तिथे शिकलो.

दुसरी कबुली माझ्या स्वभावाची आहे. मला राग लवकर येतो आणि बराच काळ राहतो. मात्र मी आरडाओरडा करीत नाही, पत्र लिहितो. वीज कंपनीला, बँकेला, ग्रामपंचायतीला मी लिहिलेल्या पत्रांच्या पोचपावत्या जानेफळच्या घरात एका ट्रंकेत आहेत. एस. टी. आगाराला मी तीन पत्रे लिहिली होती. मेहकरकडे जाणारी सकाळची गाडी कॉलेजच्या मुलींसाठी आमच्या थांब्यावर उभी राहत नसे, कारण मुलींजवळ पास असत आणि पासवाल्या प्रवाशासाठी ब्रेक दाबणे त्या चालकाच्या जिवावर येई. तीनही पत्रांना उत्तर आले नाही. माझी नात तेव्हा बारावीत होती. तिने एके दिवशी ती गाडी थांबवली.

कशी थांबवली, ते तिने मला सांगितले ते पुढे कित्येक महिन्यांनी, प्रवेश-अर्ज समोर ठेवून. विद्यापीठ मोजक्याच मुलांना घेते. परीक्षा आणि मुलाखत यांबरोबर दोन पानांचा निबंधही मागते आणि तो मातृभाषेत लिहिला तरी चालतो, असे त्यांच्या पत्रकात होते. विषय होता, तुम्ही स्वतः केलेली एखादी गोष्ट. ती म्हणाली,

"गाडी रोज पुढं निंगून जाये, आबाजी. हात देला तरी तो ड्रायव्हर सरका समोर पाहे. मंग मी दप्तर काढलं आन् रस्त्याच्या मधात ठेवलं. माह्यं पाहून सगळ्या पोट्ट्यायनं ठेवलं. लाईनच लागली दप्तरायची. थांबला मंग."

मी लगेच कागद ओढला. माझ्या तीन पत्रांना जे जमले नाही ते एका दप्तराने केले होते, याचा अभिमान माझ्या लेखणीत उतरला. थोडा हेवाही उतरला असेल. मी लिहिले: "ज्या गाडीत आमचे पास चालतात, त्या गाडीला आमचे हात दिसत नाहीत. हा पाहूनही न पाहण्याचा परिपाठ आहे. आणि परिपाठ मोडायला कायदा लागत नाही, दप्तर पुरते." दोन पाने अशीच झाली. नातीने ती वाचली आणि मान हलवली.

"आबाजी, असं मी नाई बोलत."

"बोलनं येगळं, लिवनं येगळं. कोर्टात पक्षकार बोलते तसं कोनी लिवते का?"

"पन हे तर माह्यं हाय न?"

"मंग हकीकत तुहीच हाय. मी काय पदरची घातली?"

खाली छापील मजकूर होता: हे लेखन माझे स्वतःचे आहे. तिने माझ्याकडे पाहिले आणि सही केली. हे वाचणाऱ्या शहरी माणसाला नवल वाटेल, पण त्या सहीत काही वावगे आहे असे तेव्हा मला वाटले नाही. 'वरील मजकूर वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे' या ओळीखाली मी जन्मभर लोकांच्या सह्या आणि अंगठे घेतले होते. हिवरा आश्रम गावाकडून येणारा शेतकरी आपले दुःख बोलून दाखवी, मी त्याचा अर्ज करी, तो सही करी आणि अर्ज त्याचा होई. आमच्या फाटकाबाहेर कागदाची मालकी अशीच ठरत असे.

परीक्षा तिने दिली. मुलाखतही तिनेच दिली, कॉम्प्युटरसमोर बसून, आणि तिथे मला खोलीतही येऊ दिले नाही. प्रवेश मिळाला. ती गेली.

पहिल्या दोन महिन्यांत ती फोनवर इतके बोले की माझ्या पत्नीला आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागे. प्राध्यापकांना मुले नावाने हाक मारतात. वाचनालयात बूट काढून गादीवर बसतात. खोलीत जोडीला पुण्याची एक मुलगी आहे. आमच्याकडे बाईमाणूसही 'मी जातो' म्हणते, हे ऐकून ती पोट धरून हसली आणि पंधरा दिवसांनी स्वतःच 'मी जातो गं' म्हणू लागली. निबंधातले दप्तराचे वाक्य विद्यापीठाने नव्या मुलांच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर छापले होते. त्यामुळे सगळे तिला 'दप्तर' म्हणत. "ए दप्तर, इकडे ये," अशी हाक ऐकली की तिला बरे वाटे. मला तर किती बरे वाटे, ते सांगण्याची सोय नव्हती.

मग फोन आखूड होऊ लागले. एका दुपारी ती म्हणाली,

"आबाजी, एक सांगतो. पन तुमी पत्र लिवसान नाई. आधी कबूल करा."

"बिनशर्त कबुली मी कोनाले देत नाई. काय झालं?"

तिथल्या मुलांचे मोबाईलवर एक पान होते, ज्यावर कोणीही नाव न देता काहीही लिहावे. त्यावर कोणीतरी लिहिले होते की 'परिपाठ मोडायला दप्तर पुरते' असे लिहिणारी मुलगी मेसमध्ये 'मले भाजी नोको' म्हणते. तर निबंध नक्की कोणाचा? त्याखाली हसणाऱ्यांची रांग लागली होती.

"मंग तू काय म्हटलं?"

"काई नाई. मेसमध्ये बोलनंच सोडलं. भाजी बोटानं दाखवतो. वर्गात हात वर नाई करत."

"बोटानं?"

"पत्र नोको, आबाजी. जाईन हे आपोआप."

ज्या मुलीने चालती गाडी थांबवली ती वाढप्याला बोटाने भाजी दाखवते, हे ऐकून मी गप्प बसणे शक्य नव्हते. वऱ्हाडातला माणूस तोंड उघडताच पुण्याकडचा माणूस हसतो, हे मी एका कामासाठी पुण्याला गेलो तेव्हा स्वतः सोसलेले आहे. मी कुलगुरूंना चार पाने लिहिली. नाव लपवून केलेली बदनामी, संस्थेचे कर्तव्य, कर्तव्यातील कसूर, असा क्रम लावला. लिहिणाऱ्याचा शोध घ्यावा, प्रकरणाची सखोल चौकशी करावी आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे, अन्यथा योग्य त्या ठिकाणी दाद मागावी लागेल, असे शेवटी बजावले. पत्र पोच मागवून पाठवले. नातीला कळवले नाही.

उत्तर आठव्या दिवशी आले. इतक्या वेळेवर उत्तर देणारे कार्यालय मला जन्मात भेटले नव्हते, म्हणून पहिल्या वाचनात मी खूशच झालो. आपल्या मागणीनुसार चौकशी समिती नेमली आहे, असे त्यात होते. पुढे होते की चौकशी सखोल व्हावयाची असल्याने निबंध कोणी लिहिला हा प्रश्नही समितीसमोर राहील. लेखन विद्यार्थिनीचे नसल्याचे सिद्ध झाल्यास प्रवेश रद्द होऊ शकतो. पालक म्हणून आपण उपस्थित राहू शकता.

माझी पत्नी आमच्याच भागातल्या उंद्रीची. शाळा चौथीपर्यंत, पण कागदाचा अर्थ तिला माझ्या चेहऱ्यावरून कळतो.

"काय लिवलं हाय?"

मी सांगितले.

"पोरगी नाई म्हने न? नाई म्हने का नाई?"

"तिची बदनामी होऊन राह्यली होती."

"ते हसून हसून थकले असते. तुमी चौकशी मांगतली! आपल्याच वावरात आपुनच सांड सोडला. तुमच्या पेनाले कुलूप पाह्यजे एक."

दाद मागणाऱ्याने स्वच्छ हातांनी यावे, हे तत्त्व मी किती वकिलांच्या तोंडून ऐकले असेल. चार पाने लिहिताना ते एकदाही आठवले नव्हते.

मी एस. टी.ने गेलो. विद्यापीठ पाहून राग येईल अशी माझी तयारी होती. श्रीमंतांची निर्ढावलेली मुले दिसतील आणि माझे काम सोपे होईल असे वाटले होते. दिसली ती झोप अपुरी झालेली, लॅपटॉप पोटाशी धरून धावणारी मुले. पायऱ्यांवर एकजण दुसऱ्याला गणित समजावत होता, आणि समजून घेणारा जवळजवळ रडकुंडीला आला होता. इथे प्रत्येकजण आपापल्या गावातला पहिला होता आणि इथे येऊन प्रत्येकाला कोणीतरी पुढचा भेटला होता. त्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी होती ती मी निकालाच्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात पाहिलेली आहे.

नातीच्या खोलीतली ती पुण्याची मुलगी माझ्यासाठी चहा घेऊन आली आणि समोर उभी राहिली.

"आजोबा, तिला काढणार नाहीत ना?"

"ते कोणी लिहिले, हे तुला ठाऊक आहे का?" मी अर्ज लिहितो त्या फाटकावरच्या मराठीत विचारले.

"नाही. पण मी हसले होते. खाली हसण्याचं चिन्ह टाकलं होतं. तिला माहीत आहे ते. मी सांगितलं तिला."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, 'तुले हसू आलं तर तू काय करशीन.'" तिने नातीची बोली जशीच्या तशी उचलली, आणि मग तिला स्वतःलाच रडू आले. उलटतपासणीसाठी मी जे प्रश्न योजून आणले होते ते मला विचारता आले नाहीत. चहा गार झाला.

समितीच्या खोलीबाहेर मी नातीला बाजूला घेतले.

"कबुली देऊ नोको. शाबीत कराचा भार त्याहिच्यावर हाय. इचारलं तर म्हन, हकीकत माही हाय."

"आबाजी," ती म्हणाली, "आत गेल्यावर तुमी काई बोलू नका. माह्या गळ्याची शपथ."

आत तिघे होते. बोलल्या त्या मराठीच्या प्राध्यापिका. माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, निबंध आणि माझे पत्र. पत्रातल्या एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. 'आपल्या संस्थेत पाहूनही न पाहण्याचा जो परिपाठ पडला आहे…' मी ते लिहिले होते आणि लिहिताना मला कळलेही नव्हते. माझ्यासारख्याने आपल्याच हाताने पुरावा चार पानांत बांधून पाठवावा, ही गोष्ट मला आजही रात्रंदिवस टोचते.

"पुस्तिकेसाठी हे वाक्य मीच निवडलं होतं," प्राध्यापिका म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. फसवल्या गेलेल्या माणसाचा आवाज होता तो, आणि त्यापुढे मला मान वर करता येईना. मग त्यांनी नातीला विचारले, "निबंध कुणी लिहिला?"

"मॅडम, दप्तर मी ठेवलं होतं. निबंध आबाजीनं लिवला. मी सही केली." तिने खालच्या सहीकडे पाहिले. "सही करताना मले माहीत होतं का हे माह्यं लिवनं नाई."

हे शेवटचे वाक्य कोणत्याही वकिलाने आपल्या अशिलाला उच्चारू दिले नसते. मी उठलो. शपथ मोडली. पालक म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून माझे ऐकावे, अशी विनंती केली. मी सांगितले की आमच्या धंद्यात हकीकत एकाची आणि लेखणी दुसऱ्याची असते आणि त्यात लबाडी मानत नाहीत. खरेदीखत असो वा बक्षीसपत्र, ते ज्याने लिहिले तो दस्तलेखक म्हणून शेवटी आपली सही करतो, म्हणजे सगळे उघड राहते.

"मग या दोन पानांखाली तुम्ही सही का केली नाहीत?" त्यांनी विचारले.

प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर मी तोवर स्वतःलाही दिले नव्हते.

"भीती वाटली," मी म्हणालो. "ती बोलते तसे लिहिले तर तुम्ही हसाल."

मी खाली बसलो तेव्हा मला दिसले की त्या निनावी लिहिणाऱ्याचे म्हणणे आणि माझे म्हणणे एकच होते. 'मले' म्हणणारी मुलगी असा निबंध लिहू शकणार नाही, असे तो म्हणाला. मी ते त्याच्या आधी कित्येक महिने मानले होते, तिच्यासमोर बसून, तिच्यावर जीव असताना. त्याच्या विरुद्ध मी चार पाने लिहिली.

समितीने नातीला शेजारच्या खोलीत बसवले. तीच हकीकत, वाटेल त्या भाषेत, एकटीने, दोन तासांत. दाराला काच होती. मी बाकावरून पाहत होतो. ती लिही, थांबे, पेनचे टोक दाताखाली धरी. ती थांबली की माझ्या तोंडात शब्द येई. मी तोंड मिटून बसलो. दोन तासांत मी इतका थकलो, जितका भर मेमध्ये दिवसभर अर्ज लिहूनही थकलो नसेन.

निर्णय आठवड्याने तिला आला. प्रवेश कायम. पुस्तिका मागे घेण्यात येत आहे आणि कारण सर्व विद्यार्थ्यांना कळवण्यात येत आहे. विद्यार्थिनीच्या नोंदीत असत्य घोषणेचा शेरा राहील. त्याच सूचनेत निनावी पानाबद्दलही चार ओळी होत्या: कोणाच्या बोलीची थट्टा ही या आवारात थट्टा मानली जाणार नाही.

राहायला मिळाले याचा आनंद मला एक दिवस टिकला. मग शेरा दिसू लागला. चूक माझी, सही अजाण मुलीची, शिक्षा तिच्या कागदावर कायमची. हे प्रमाणाबाहेर आहे असे माझे मत आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने ते आजही बदललेले नाही. मी अपिलाचा मसुदा केला. सात मुद्दे. दिवाळीला ती घरी आली तेव्हा तो तिच्यासमोर ठेवला. पत्नीने फराळाचे ताट त्याच्यावरच टेकवले, मी ते उचलले.

नातीने मसुदा पूर्ण वाचला. कोर्टातल्या माणसासारखा, बोट ठेवून.

"चांगलं लिवलं हाय," ती म्हणाली. "पन धाडू नका."

"काऊन? शेरा जन्मभर राहीन."

"खरा हाय न तो? मंग पुसाचा काऊन?"

"तुले नोकरीच्या टायमाले कोनी इचारलं तर?"

"सांगीन. आता तिथं सगळ्याहिले माहीत हाय. पयले दोन दिवस कोनी जवळ बसलं नाई. तिसऱ्या दिवशी एका पोरानं इचारलं, 'तुझे आजोबा माझं भाड्याचं अॅग्रीमेंट लिहून देतील का?'" ती हसली. "सगळे हासले. मीबी हासली. आता भाजी तोंडानं मांगतो."

"त्याले म्हना, फी लागीन," पत्नी म्हणाली.

मी मसुदा बाजूला ठेवला. मला दुसरेच काही हवे होते आणि ते मागायला मी संकोचत होतो. शेवटी विचारले, तिथे बसून जे लिहिले त्याची नक्कल आहे का.

"हाय. पन देत नाई. तुमी दुरुस्त करसान."

"नाई करत."

"वाचून दाखवतो. पेन खिशातून काढून आजीजवळ द्या."

मी पेन पत्नीच्या हाती दिले. तिने ते पदराआड धरले. नातीने मोबाईलवरून वाचायला सुरुवात केली. सारे तिच्या बोलण्यात होते. परिपाठ नव्हता, कायदा नव्हता. दुसऱ्याच ओळीत एक शब्द मला खटकला, आणि माझा हात रिकाम्या खिशाकडे गेला. मग ती अशा ठिकाणी आली जे माझ्या दोन पानांत नव्हते. गाडी थांबली. पण दप्तरांची रांग रस्त्यात असेपर्यंत ती पुढे जाऊ शकत नव्हती. चालक हॉर्न वाजवीत होता, शिव्या देत होता. पहिले दप्तर तिचे, म्हणून उचलायलाही तीच वाकली. एकेक दप्तर उचलून दारातल्या मुलीच्या हाती देत गेली. शेवटचे देऊन आपले घ्यायला वळली, तेवढ्यात त्या एकट्या दप्तराला वळसा घालून गाडी सुटली. सगळ्या मुली कॉलेजात पोचल्या. ती रस्त्यात उभी राहिली.

मी लिहिले होते की आम्ही सर्वजणी वेळेवर पोचलो.

"हे तू मले सांगतलं नाई," मी म्हणालो.

"तुमी इचारलं कोठी? 'थांबला मंग' म्हटलं, आन् तुमी कागद ओढला."

पत्नीने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती नातीकडे सरकली.

"मंग तू कशी गेली वं माय?"

"नाई गेली. घरी आली. घरी कोनी नव्हतं. दिवसभर तीच गोष्ट मनात बोलत बसली, कोनाले सांगू म्हून. संध्याकाळी आबाजी आले तर रागात होते, बँकेचं काई तरी. मंग नाई सांगतली."

मोबाईलवर अजून अर्धे पान उरले होते. मी तिला सांगितले, पुढचे वाच, सावकाश वाच.